मुशीच्या काळजाचं वजन

वटारच्या बेसिल लोपीस यांच्या कागड्याच्या कळ्यांना मुशीचा वास येतो, अशी तक्रार ऑक्टोबरात दादरच्या फूलबाजारातून आली आणि घरात चौकशी बसली. चौकशीला फार वेळ लागला नाही. कळ्या तोलायचा डिजिटल काटा स्वयंपाकघराच्या खिडकीत पडला होता आणि शेजारचं मांजर मोठ्या भक्तिभावाने त्याच्यावरून जीभ फिरवत होतं.

“एस्थर,” पप्पांनी हाक मारली. आवाज चढलेला नव्हता, म्हणजे प्रकरण गंभीर होतं.

एस्थर बाहेर आली. वय पंधरा, इयत्ता दहावी, एका हातात वही, दुसऱ्या हातात प्लास्टिकची पिशवी आणि पिशवीत मुशीचं, म्हणजे छोट्या शार्कचं, लिव्हर.

“विज्ञानासाठी थोडा वास सहन करावा लागतो, पप्पा.”

“मी करतो की सहन. मी तुझा बाप आहे. पण ज्या नवरीने लग्नात तो गजरा माळला, तिने कोणाचं काय वाकडं केलं होतं?”

मम्मी आत कांदा चिरत होती, ती हसत सुटली. पप्पांनी काटा दोनदा साबणाने आणि एकदा लिंबाने धुतला, आणि दुसऱ्या दिवशी वसईच्या बाजारातून एस्थरसाठी वेगळा छोटा काटा आणला. वर बजावलं, की हा काटा कळ्यांच्या पडवीत दिसला तर विहिरीत जाईल.

आता हे मुशी-प्रकरण सुरू कुठून झालं, तर मम्मीच्या गळ्यापासून. क्लेमेंटीनबाई, म्हणजे एस्थरची मम्मी, यंदा पावसाळ्याच्या सुरुवातीला बसल्या जागी पेंगायला लागली. पायांवर सूज, केस गळताहेत, रोझरी म्हणता म्हणता तिसऱ्याच मण्याला डुलकी. रक्त तपासलं तर थायरॉईड मंदावलेलं आणि कोलेस्टेरॉल मात्र चढलेलं. मम्मी म्हणाली, मी तर तूप सोडून वर्ष झालं. डॉक्टर म्हणाले, तुपाचा दोष नाही. थायरॉईड मंदावलं की लिव्हरही कामात कुचराई करतं, रक्तातलं कोलेस्टेरॉल उचलतच नाही. गळ्यातल्या एवढ्याशा ग्रंथीने हुकूम सोडायचे आणि पोटातल्या एवढ्या मोठ्या लिव्हरने ते ऐकायचे, ही गोष्ट एस्थरला इतकी आवडली की दुसऱ्या दिवशी विज्ञानाच्या तासाला तिने हात वर केला.

हात वर केला, ही त्या वर्गासाठी बातमीच होती. कारण आदल्या वर्षी तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनात एस्थर लोपीस उभ्या उभ्या थिजली होती. पाठ केलेलं भाषण धडाधड म्हणत होती, परीक्षकांनी मध्येच एक प्रश्न विचारला, आणि तिच्या तोंडाला जे कुलूप लागलं ते बक्षीस समारंभ संपेपर्यंत उघडलं नाही. मग सुट्टीत तिने चर्चमध्ये वाचन करायला सुरुवात केली. पहिल्यांदा गुडघे लटपटले, दुसऱ्यांदा कमी लटपटले, आणि पाचव्यांदा माईक बंद पडला तर ती तशीच मोठ्याने वाचत राहिली. मागच्या बाकावरच्या म्हाताऱ्यांनासुद्धा ऐकू गेलं. तेव्हापासून बोलायला मिळालं की एस्थर सोडत नसे.

“सर, माशांना थायरॉईड असतं?”

श्रीरंग सर खडूचा हात झटकून वळले. सर मूळचे कराडकडचे, राहायला चंदनसारला, आणि जन्मात त्यांनी मासा चाखला नव्हता. पण माशांविषयी त्यांना इतकं ठाऊक होतं, की पोरं म्हणत, सरांनी एकदा खाल्ला तर त्यांचं सगळं ज्ञान पोटात जाईल.

“असतं. बहुतेक माशांत ते गळ्याकडे विखुरलेलं असतं, कण कण. पण मुशी, पाकट असल्या जुन्या घराण्यातल्या माशांत एक नीट, वेगळी ग्रंथी सापडते. खालच्या जबड्याच्या आत.”

“जुनं घराणं म्हणजे किती जुनं, सर?”

“डायनासोर नव्हते तेव्हा मुशीचे पूर्वज होते. चाळीस कोटी वर्षं म्हण.”

एस्थरचे डोळे बशीएवढे झाले. दर शुक्रवारी ज्या मुशीचं कालवण ती भाताबरोबर ओरपत होती, ते डायनासोरपेक्षा जुनं घराणं निघालं.

पुढचा आठवडाभर ती सरांच्या मागे लागली. सरांनी वाचायला दिलं, तिने वाचलं, आणि तिला कळलं ते असं: मुशीच्या अंगात चरबीचं एकच गोदाम, ते म्हणजे लिव्हर. पाण्यात तरंगायला इतर माशांना हवेची पिशवी असते, मुशीला नाही, म्हणून त्या तेलकट लिव्हरचा तिथेही उपयोग. आणि काही मुशींच्या, पाकटांच्या माद्यांत अंडी तयार व्हायच्या वेळी थायरॉईडचं हार्मोन वाढलेलं सापडतं. त्याच वेळी लिव्हरमधला साठा पुढच्या पिढीसाठी बाहेर पडू लागतो. म्हणजे गोदामाची किल्ली थायरॉईडकडे आहे का? याचं पक्कं उत्तर अजून शोधताहेत, असं सर म्हणाले.

“हार्मोन मोजायला प्रयोगशाळा लागते. आपल्याला ते जमणार नाही,” सर म्हणाले. “पण गोदाम किती भरलंय ते तोलता येईल. अख्खी मुशी तोल, मग तिचं लिव्हर तोल. शंभर ग्रॅम मुशीमागे लिव्हर किती, ते काढ. पोटात पिल्लं असलेल्या माद्या वेगळ्या, बाकीच्या वेगळ्या. आणि एक लक्षात ठेव, यासाठी एकही मुशी मुद्दाम मारायची नाही. बाजारात आलेलीच तोलायची.”

बाजारात मुशी आणणारी म्हणजे जयवंती मावशी. जयवंती वैती अर्नाळ्याची. पहाटे होडीवरचा माल घ्यायचा आणि उजाडता उजाडता वटारच्या क्रुसापाशी पाटी मांडायची, हा तिचा तीस वर्षांचा नेम. मंगळवारी बोंबील-मांदेली, शुक्रवारी हटकून मुशी, कारण ख्रिस्ती नेमाने शुक्रवारी गावात मटण शिजत नाही आणि पप्पांसारखे लोक मटणाची हौस मुशीवर भागवतात.

“काय गो बाय, लिवरचं लोनचं घालनार काय?” मावशीने विचारलं.

“तोलणार.”

“तोलून?”

“वहीत लिहिणार.”

मावशीने तिच्याकडे नीट पाहिलं. “घरी सगलं बरं हाय ना?”

पण मावशी तयार झाली. अडचण एकच होती. एस्थरची शाळा सातला. सहाला येऊन ती अख्ख्या मुशी तोलायची आणि शेपटीला दोऱ्याने नंबर बांधायची. पुढे गिऱ्हाईक आलं, की मावशी गरम पाण्याने मुशी खरवडून साफ करायची, लिव्हर काढून त्याच नंबरच्या पिशवीत भरायची. आणि पोटात पिल्लं निघाली तर पिशवीला लाल दोरा. दुपारी पिशव्या लोपिसांच्या फ्रिजमध्ये जायच्या. शाळेतून आल्यावर एस्थर तोलायची. मम्मीने फ्रिजमधला तो कप्पा पाहायचाच नाही, असं ठरवलं होतं.

ऑगस्ट सरला, सप्टेंबर सरला, नाताळ जवळ आला. वहीत चौतीस मुशी झाल्या. आणि एस्थरने तक्ता काढला तेव्हा ती खुर्चीवरून उठून अंगणभर नाचली. साध्या मुशींचं लिव्हर शेकडा पाच भरत होतं. पिल्लंवाल्यांचं शेकडा नऊ. पुस्तकं सांगत होती, की पिल्लं वाढवताना गोदाम रिकामं व्हायला हवं. आणि वटारच्या मुशींचं गोदाम ओसंडून वाहत होतं.

“सर, पुस्तक चुकलं.”

सरांनी तक्ता नाकापासून लांब धरून पाहिला, कारण कागदालाही वास होता.

“एस्थर, असं झालं की दोनच शक्यता असतात. एक, तुला काहीतरी मोठं सापडलंय. दोन, कुठेतरी चूक झालीय. दुसरी शक्यता फार वेळा खरी ठरते. पिशवीत लिव्हरचे दोन लांब लोळे नीट दिसतात का?”

“तुकडे असतात, सर. मावशी कोयतीने काढते ना.”

“पुन्हा एकदा बघून घे.”

एस्थरने ऐकलं, आणि या कानाने ऐकून त्या कानाने सोडलं. चौतीस मुशी तोलल्या होत्या तिने. अंगात वारं भरलं होतं. तिने फ्लॉसीला सांगितलं. फ्लॉसी तिची मैत्रीण, आणि फ्लॉसीची आत्या चर्चचं मासिक पत्रक काढायची. झालं. पत्रकात चौकट छापायला गेली: ‘पुस्तकाला चूक ठरवणारी आपल्या गावची कन्या’. पत्रक रविवारी मिस्सेनंतर, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनेनंतर, वाटायचं होतं, आणि तालुक्याचं प्रदर्शन मंगळवारी.

त्याआधीच्या शनिवारी शाळेला सुट्टी होती आणि मावशीकडे त्या दिवशीही मुशी आली होती. प्रदर्शनात दाखवायला व्हिडिओ हवा म्हणून एस्थर फोन घेऊन क्रुसापाशी गेली.

“मावशी, तू नेहमी करतेस तसंच कर. माझ्याकडे बघू नको.”

“बगत नाय. पदर ठीक हाय ना?”

मावशीने मुशी पाटावर घेतली, पोट चिरलं. आत सहा इवली पिल्लं होती, माळेसारखी. मावशीने लाल दोरा दातात धरला, लिव्हर काढलं, तुकडे पिशवीत टाकले. मग बाजूला इतर मुशींच्या लिव्हरांचा ढीग होता, त्यातून एक मूठ उचलली आणि त्याच पिशवीत सोडली. आणि सफाईने लाल दोऱ्याची गाठ मारली.

एस्थरचा फोन चालूच राहिला. 

“मावशी, हे काय केलंस?”

“काय केलं?”

“दुसऱ्या मुशीचं का घातलंस?”

“वर टाकलं,” मावशी म्हणाली, जणू काही सूर्य कुठे उगवतो असं कोणी विचारलं होतं. “आता बग, पिल्लंवालीचं कालीज, तुजं ते लिवर, येवडंसं असतं. सुकलेलं. ते तुला कसं देऊ? तीस वर्सं झाली या क्रुसापाशी, हलका माल दिला म्हनून कोनी बोट दाकवलं नाय मला. कालवं घे, कोलीम घे, मी वर टाकल्याबिगर पिशवी दिली काय कोनाला?”

खरंच होतं ते. जयवंती मावशीकडून बोंबील घेतले की वर दोन बोंबील, मांदेली घेतली की वर एक मूठ. वटारच्या बायका घासाघीस करून दमल्या, की शेवटी ‘वर टाक गो’ म्हणूनच उठायच्या.

“प्रत्येक वेळी टाकलंस?”

“लाल दोऱ्याला टाकलं. बाकीची बरी होती की, त्यांना कशाला?”

एस्थर क्रुसाच्या पायरीवर मटकन बसली. चार महिने. चौतीस मुशी, त्यातल्या बारा लाल दोऱ्याच्या. पुस्तकाला चूक ठरवणारी गावची कन्या. गेल्या वर्षीचा तो क्षण परत आला, परीक्षकांचा चेहरा समोर आणि तोंडाला कुलूप.

मावशीने कोयती खाली ठेवली. “बाय, माजं काय चुकलं काय?”

एस्थरला रागवायचं होतं. पण मावशीने हात पदराला पुसले होते आणि ती इतकी ओशाळून बसली होती, की रागाचं पाणी झालं.

“नाही गं मावशी. मीच तुला सांगायला हवं होतं. खायला घेणं वेगळं आणि तोलायला घेणं वेगळं.”

“मग आता?”

“आता माहीत नाही.”

घरी जाऊन तिने सरांना फोन लावला. सगळं एका दमात सांगितलं आणि शेवटी म्हणाली, “व्हिडिओ पुसून टाकला तर कोणाला कळणार नाही, सर.”

 मागे त्यांच्या कुकरची शिट्टी ऐकू आली.

“खरंय,” सर म्हणाले. “मला सोडून कोणाला कळणार नाही. आणि मी पण काही बोलणार नाही. प्रकल्प तुझा आहे.”

हे तर फारच वाईट झालं. रागावले असते तर सोपं होतं.

“सर, असं नका ना करू.”

“बरं, मग एक सांग. लाल दोरा नसलेल्या बावीस मुशी बरोबर आहेत?”

“हो.”

“आणि मावशीला तीस वर्षांत काय दिसलंय?”

एस्थरला सकाळचं मावशीचं बोलणं आठवलं. पिल्लंवालीचं कालीज येवडंसं असतं. मावशीला ते इतकं ठाऊक होतं, की तिला ते देताना लाज वाटत होती. आणि ज्या गोष्टीची लाज वाटून मावशीने मूठ मूठ वर टाकली, तीच तर पुस्तकात लिहिली होती.

“सर, मी ठेवते. मला अर्नाळ्याला जायचंय.”

“जा. आणि या वेळी पिशवी स्वतः भर.”

रविवारी मिस्सेनंतर पत्रक वाटलं गेलं. गेटपाशी प्रत्येक जण एस्थरच्या पाठीवर थाप मारून जात होता. शेजारच्या ऑस्टिन अंकलनी तर तिला ‘प्रोफेसर’ अशी हाक मारली.

“अंकल, ते चुकलंय,” एस्थर म्हणाली.

“हो ना, पुस्तक चुकलंय. वाचलं मी.”

“पुस्तक नाही, मी.”

“बघ, किती नम्र पोरगी,” ऑस्टिन अंकल बायकोला म्हणाले.

चौघांना सांगून पाहिलं, चौघांनी नम्रपणाचं कौतुक केलं. शेवटी तिने नाद सोडला आणि पप्पांच्या स्कूटरवर मागे बसून, नवा काटा मांडीवर धरून अर्नाळा गाठला.

किनाऱ्यावर मावशीने फौजच उभी केली होती. तिने बायकांना दम भरला होता, की पिल्लंवाली मुशी दिसली तर कोयती लावायची नाय, आमची बाय येतेय. बायकांनी नाकं मुरडली, पण मुशी राखून ठेवल्या. एस्थर वाळूत पाट टाकून बसली. अख्खी मुशी तोलली, पोट चिरलं, लिव्हरचे दोन लोळे अख्खेच्या अख्खे बाहेर काढून काट्यावर ठेवले. बाजूला मावशी हात पाठीमागे बांधून उभी राहिली.

“हात मागे का बांधलेस?”

“सवय हाय ना. हात आपोआप जातो.”

पप्पा आकडे लिहून घेत होते. रविवारी चार मिळाल्या. सोमवारी सरांनी शाळेतून पहिल्या दोन तासांची सुट्टी मिळवून दिली, तेव्हा आणखी तीन. सात मुशी. शेकडा तीन, शेकडा पावणेतीन, शेकडा सव्वातीन. एक आडमुठी शेकडा पाचच्या वर गेली. तिचीही नोंद तशीच केली. मावशीने एका मुशीच्या खालच्या जबड्याखाली बोट घालून दाखवलं आणि एस्थरने चिमट्याने हळूच डाळीच्या दाण्याएवढी तपकिरी ग्रंथी काढली. तिला ती शाळेच्या फॉर्मॅलिनच्या बाटलीत घालायची होती. एवढासा दाणा. चाळीस कोटी वर्षांचा हुकूमदार.

मंगळवारी वसईतल्या एका शाळेच्या सभागृहात प्रदर्शन भरलं. शेजारच्या टेबलावर पाण्यावर चालणारं जहाज होतं, समोर ज्वालामुखी दर दहा मिनिटांनी फेस ओकत होता. एस्थरच्या फळ्यावर दोन तक्ते होते. एकावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं ‘चुकीचा’, आणि दुसऱ्यावर ‘सध्या तरी बरोबर’. श्रीरंग सर नाकावर रुमाल धरून लांबून पाहत होते. ग्रंथीच्या बाटलीचं झाकण नीट बसलं नव्हतं.

परीक्षक दोघे. पुढे जितेंद्र सर, घाईत. मागे विनिता मॅडम, कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवणाऱ्या, चष्मा कपाळावर.

जितेंद्र सरांनी फळा वाचला. “चुकीचा तक्ता? चूक दाखवायला प्रदर्शनात आलीस?”

 आजूबाजूला पन्नास पोरं. तोंडाशी कुलूप आलंच होतं. तिने विचार केला, आता गप्प राहिले तर हा चुकीचा तक्ताच खरा ठरेल. आणि बोलली.

“हो सर. कारण चूक बरोबरपेक्षा जास्त मजेची आहे. सांगू?”

आणि तिने सांगितलं. मम्मीचा गळा, डॉक्टरांचं लिव्हर, क्रुसापासची पाटी, लाल दोरा, मूठभर वर टाकणं. ज्वालामुखीवाली पोरंसुद्धा येऊन उभी राहिली. विनिता मॅडमनी चष्मा डोळ्यांवर आणला.

“थायरॉईडचं हार्मोन मोजलंस?”

“नाही मॅडम. ते मला येत नाही. थायरॉईडचं जे आहे ते पुस्तकातलं, लिव्हरचं जे आहे ते माझं. दोन्हींच्या मधली दोरी मी जोडलेली नाही, फक्त दाखवलीय. म्हणून तिथे तुटक रेघ आहे.”

“सात मुशींवरून काय सिद्ध होतं?”

“काहीच नाही. त्यात एक तर उलटीच आहे. पण जयवंती मावशीने तीस वर्षं पाहिलंय.”

“मावशी कोण?”

“मी,” मागून आवाज आला. मावशी नवी साडी नेसून, अबोलीची वेणी घालून, गर्दी ढकलत पुढे येत होती. ज्वालामुखीवाल्यांनी वाट दिली.

मग पंधरा मिनिटं परीक्षण बाजूलाच राहिलं. मॅडम विचारत गेल्या आणि मावशी सांगत गेली. पिल्लं बारकी असतात तेव्हा कालीज किती, मोठी झाली की किती, कुठल्या वाऱ्याला मुशी तेलाने भरलेली येते, आधी लोक त्या तेलाने होडीचं लाकूड कसं माखायचे. मॅडम आपल्याच गुणपत्रिकेच्या पाठीवर लिहून घ्यायला लागल्या. जितेंद्र सर घड्याळ बघत होते. शेवटी त्यांनीही विचारलं, “उलटी निघाली ती एक मुशी, ती का हो तशी?”

मावशीने खांदे उडवले. “सगल्या बाया सारक्या असतात काय?”

संध्याकाळी निकाल लागला. पहिला नंबर जहाजाला गेला. ‘चुकीचा तक्ता’ उत्तेजनार्थ आला, म्हणजे एक प्रमाणपत्र आणि एक पेन. विनिता मॅडम जाताना म्हणाल्या, की अख्ख्या वर्षाच्या नोंदी कर, मासेमारी बंदीचे महिने सोडून. आणि कॉलेजात घेऊन ये, पुढचं आमच्याकडे बघू. त्यांनी नंबर दिला. एस्थरने तो हातावर लिहिला, मग भीतीने वहीतही लिहिला.

ऑस्टिन अंकलना खरी गोष्ट कळणारच होती. एस्थरने फ्लॉसीला गाठून आत्याला निरोप पाठवला होता, की पुढच्या पत्रकात दुरुस्ती छापा, मी स्वतः लिहून देते, आणि चौकट तेवढ्याच आकाराची हवी.

परतीच्या रिक्षात मधे एस्थर, एका बाजूला मावशी, दुसऱ्या बाजूला श्रीरंग सर. सरांनी मान रिक्षाच्या बाहेरच काढली होती. एस्थरने नवी वही उघडली, पहिल्या पानावर तारीख घातली आणि खाली लिहिलं: संशोधक, एस्थर लोपीस.

मावशी वाकून वाचत होती.

“येकच नाव?”

“तुझं आभारात आहे, मावशी. शेवटच्या पानावर.”

“आबारात,” मावशी म्हणाली आणि बाहेर बघायला लागली. “मुशी कोनाची?”

“समुद्राची.”

“पाट कोनाचा? कोयती कोनाची? त्या शिकलेल्या बाईंनी प्रश्न कोनाला विचारले?”

एस्थरने सरांकडे पाहिलं. सर मान आत घेऊन म्हणाले, “मला विचारू नका. माझं नाव कुठेच नको, माझ्या आईने वाचलं तर घरात घेणार नाही.”

एस्थर हसली. तिने लिहिलेलं खोडलं, पेन पुन्हा टेकवलं.

“पण पहिलं नाव माझं. तक्ता मी काढते.”

“काड की. पन माज्या नावातल्या वैवर दोन मात्रा काड. वैती. पोरांच्या दाकल्यावर शालेनं दरवेली चुकवलंय.”

रिक्षा वटारच्या फाट्याला वळली. खड्ड्यातून जाताना वैतीचा वै जरा वाकडा आला, म्हणून मावशीने तो पुन्हा लिहायला लावला.